इथिओपिया : प्रवासी व प्रवासवृत्ते

आफ्रिका खंडाच्या ईशान्य भागातील इथिओपिया (जुने नाव ॲबिसिनिया, अरबी नाव हबश) या देशात बाहेरून आलेल्या प्रवाशांचा व त्यांनी लिहिलेल्या वृत्तांतांचा इतिहास सु. दोन हजार वर्षांचा आहे. व्यापारी, धर्मप्रचारक, राजदूत, शास्त्रज्ञ, सैनिक व वार्ताहर अशा निरनिराळ्या हेतूंनी आलेल्या लोकांनी या देशाविषयी विपुल लिहिले. तरीही आफ्रिकेतील ज्या देशांविषयी सर्वाधिक गैरसमज रूढ झाले, त्यांत इथिओपियाची गणना होते. अठराव्या शतकातील ब्रिटिश इतिहासकार एडवर्ड गिबन याने या देशाचा जगाशी असलेला संबंध सु. हजार वर्षे तुटला होता, असे मत मांडले व ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. प्रत्यक्षात या काळातही येथील यात्रेकरू जेरूसलेमला जात होते, येथील मुख्य धर्माध्यक्ष ईजिप्तमधून येत होता आणि येथील माल व माणसे तांबड्या समुद्रातून अरबस्तानात व भारतात पोहोचत होती. त्यामुळे हा देश अज्ञात होता असे म्हणण्यापेक्षा, आलेल्यांपैकी बहुतेकांनी मनात आधीच ठरविलेला देश तेथे शोधला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरते.

मार्ग व प्रदेश : इथिओपियाचा गाभा म्हणजे समुद्रसपाटीपासून दोन हजार मी. हून अधिक उंचीचा, खोल दऱ्यांनी विभागलेला पठारी प्रदेश होय. तांबड्या समुद्रावरील मसावा (सांप्रत एरिट्रियात) हे त्याचे जुने प्रवेशद्वार. उष्ण व रुक्ष किनाऱ्यावरून शंभर किमी. च्या आतच प्रवाशास थंड हवेच्या पठारावर चढावे लागे. पुढील प्रवास खेचरांवरून व पायी होत असे. जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांत अबाय (निळी नाईल), तेकेझे इ. नद्या दुस्तर होऊन वाहतूक जवळजवळ थांबे. चलन म्हणून मिठाच्या वड्या व पुढील काळात ऑस्ट्रियातील मारिया तेरेसा हिचे चांदीचे नाणे चालत असे. परकी पाहुण्यास राजाज्ञेवाचून देशात शिरता येत नसे. तसेच बाहेरही पडता येत नसे. गोऱ्या परदेशीयास येथे ‘फेरेंज’ म्हणतात. मराठीतील ‘फिरंगी’ हा शब्द त्याच मुळाचा आहे.

प्राचीन काळ : इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रीक ग्रंथात अदुलिस हे बंदर व तेथून आठ दिवसांच्या वाटेवरील ॲक्सूम हे नगर यांचा उल्लेख आहे. तेथील झोस्कालीस हा राजा ग्रीक विद्या जाणणारा होता, असे ग्रंथकार सांगतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील एरिआके प्रदेशातून लोखंड, पोलाद व सुती कापड या बाजूस येत असल्याची नोंद त्यात आहे. पैठण, तेर व कल्याण यांची माहितीही याच ग्रंथात मिळते. चौथ्या शतकात फ्रूमेंतिअस हा टायर येथील तरुण, जहाजावरील इतर लोक मारले गेल्यानंतर, ॲक्सूमच्या दरबारी पोहोचला. पुढे ॲलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष अथनेशिअस याने त्यास तेथील पहिला बिशप नेमले. एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो याच सुमारास. ही हकिकत सांगणाऱ्या रूफायनसने या देशाचा निर्देश ‘दूरचा भारत’ असा केला आहे. इथिओपिया व भारत यांच्या नावांचा हा घोटाळा यूरोपीय लेखनात पुढे हजार वर्षांहून अधिक काळ टिकून राहिला.

सहाव्या शतकाच्या पहिल्या चरणात कॉझमस इंडिकोप्लूस्टीस या व्यापाऱ्याने अदुलिस येथील ग्रीक शिलालेख उतरवून घेतले. ते मूळ लेख नंतर नष्ट झाल्याने त्याची नक्कल हेच आज त्यांचे एकमेव साधन उरले आहे. त्याच्या ग्रंथात भारताच्या किनाऱ्यावरील कल्याण बंदराचाही उल्लेख येतो. सातव्या शतकाच्या प्रारंभी मक्केत छळ होऊ लागल्यावर मुहंमद पैगंबरांच्या काही अनुयायांनी हबशच्या राजाकडे आश्रय घेतला. त्यामुळे इस्लामी परंपरेत या देशाची आठवण आदराने जतन झाली आहे.

प्रेस्टर जॉनचा शोध : सु. ११६५ पासून यूरोपात प्रेस्टर जॉन नावाच्या एका बलाढ्य ख्रिस्ती राजाचे बनावट पत्र प्रसृत झाले. मुस्लिम सत्तांच्या पलीकडे अपार संपत्तीचे राज्य करणारा हा राजा प्रथम आशियात असल्याचे मानले जाई. तेथे तो सापडेना, तेव्हा चौदाव्या शतकापासून त्याचे राज्य इथिओपियात असल्याची समजूत रूढ झाली. या काल्पनिक राजाच्या शोधापायी यूरोपचे लक्ष इथिओपियाकडे वळले. मात्र इथिओपियाच्या सम्राटांना हे नाव ठाऊकही नव्हते. आपण सॉलोमन राजा व शेबाची राणी यांचे वंशज आहोत, अशी त्यांची धारणा होती व गीझ भाषेतील केब्रा नगस्त या ग्रंथात ती ग्रथित झाली होती.

पोर्तुगालच्या दुसऱ्या जॉन राजाने १४८७ मध्ये पेरो द कोव्हील्यां यास या राज्याच्या व भारताच्या मार्गाच्या शोधार्थ पाठविले. कननोर, कालिकत व गोवा ही ठिकाणे वास्को द गामाच्या आधी पाहून तो पुढे इथिओपियात गेला. तेथे त्यास जमीन व मानमरातब मिळाला, त्याने विवाह केला. परंतु परत जाण्याची परवानगी त्यास अखेरपर्यंत मिळाली नाही. १५२० मध्ये पोर्तुगीज शिष्टमंडळ तेथे पोहोचले, तेव्हा हा वृद्ध पोर्तुगीज त्यांना दुभाषा व मार्गदर्शक म्हणून उपयोगी पडला.

ते शिष्टमंडळ इथिओपियाच्याच पुढाकाराचे फलित होते. वृद्ध राणी एलेनी हिने मॅथ्यू नावाचा दूत गोव्यामार्गे लिस्बनला पाठविला होता. १५१२ मध्ये गोव्यात अफांसो द अल्बुकेर्कने त्याचे स्वागत केले. रोद्रीगो द लिमा याच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाबरोबर गेलेला धर्मगुरू फ्रांसिश्कू आल्व्हारीश याने सहा वर्षे (१५२०–२६) देशात काढून लिहिलेले वृत्त १५४० मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध झाले. सम्राट लेब्ना देंगेल (कार. १५०८–४०) याची राजधानी एका जागी नसून हजारो तंबूंच्या रूपाने देशभर फिरत असे, हे त्याने बारकाईने वर्णिले आहे. लालिबेला येथील अखंड खडकात कोरलेली ११ चर्च पाहिल्यावर, आपण लिहितो ते वाचकांना खरे वाटणार नाही, या शंकेने त्याने शपथपूर्वक ग्वाही दिली. या देशाविषयी खरे सांगणाऱ्यांवर अविश्वासाची जी वेळ वारंवार आली, तिची चाहूल आल्व्हारीशला लागली होती.

गोवा व जेझुइट : १५२९ पासून अदालचा सेनानी अहमद इब्न इब्राहीम याने पठारावर स्वाऱ्या करून अनेक चर्च व मठ उद्‌ध्वस्त केले. सम्राटाच्या विनंतीवरून गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज आरमाराने १५४१ मध्ये क्रिश्तोव्हां द गामा (वास्को द गामाचा पुत्र) याच्या हाताखाली ४०० सैनिक मसावा येथे उतरविले. द गामा १५४२ मध्ये मारला गेला, परंतु उरलेल्या पोर्तुगीजांच्या साहाय्याने सम्राट गलाव्देवोस (कार. १५४०–५९) याने १५४३ मध्ये अहमदचा पराभव केला. यानंतर धर्मप्रसारासाठी आलेले जेझुइट गोव्याच्या धर्मप्रांताच्या अधीन होते आणि त्यांच्या ये-जा करण्याचा मार्ग गोवा, दीव व मसावा असा होता.

त्यांपैकी पेद्रो पाएझ (१५६४–१६२२) हा १५८९ मध्ये गोव्याहून निघाला असता वाटेत पकडला जाऊन सात वर्षे येमेनमध्ये कैदेत होता. सुटून गोव्यास परतल्यावर दुसऱ्या प्रयत्नात १६०३ मध्ये तो इथिओपियात पोहोचला. तेथील भाषा शिकून व लोकांच्या रीतिभाती जाणून त्याने दरबाराचा विश्वास मिळविला. २१ एप्रिल १६१८ रोजी त्याने ताना सरोवराच्या दक्षिणेस गिश येथे निळ्या नाईलचे उगमस्थान पाहिले. स्थानिक लोक ते पवित्र स्थळ म्हणून पूर्वीपासून जाणत होते. पाएझचा इथिओपियाचा इतिहास मात्र विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत हस्तलिखित स्वरूपातच राहिला. सम्राट सुसेन्योस (कार. १६०७–३२) याने १६२२ मध्ये रोमन कॅथलिक पंथ जाहीरपणे स्वीकारला. पाएझनंतरच्या जेझुइटांनी देशी चर्चचे विधी व परंपरा बदलण्याचा आग्रह धरताच बंडे उसळली. सम्राटाने राज्यत्याग केला आणि त्याचा पुत्र फासिलादास (कार. १६३२–६७) याने जुना पंथ पुन्हा स्थापून जेझुइटांना देशाबाहेर घालविले. यूरोपीयांस हा देश बंद झाल्याचे जे सांगितले जाते, त्याचे कारण हे होय.

या घटनेतून एक विपरीत परिणाम झाला. जेरोनिमो लोबो या जेझुइटाच्या वृत्ताचा इंग्रजी अनुवाद (१७३५) सॅम्युएल जॉन्सनने केला आणि पुढे १७५९ मध्ये रासेलास ही ॲबिसिनियाच्या राजपुत्राची कथा लिहिली. तीतील सुखी दरी वाचकांच्या मनावर इतकी ठसली की, खऱ्या देशाची वर्णने तिच्याशी ताडून पाहिली जाऊ लागली.

इथिओपियनांचे प्रवास : याच शतकांत इथिओपियन लोकही मोठ्या प्रमाणावर प्रवास करीत होते. जेरूसलेम येथील त्यांच्या मठातील भिक्षू १४४१ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेस उपस्थित राहिले. व्हेनिसच्या फ्रा माउरोने पंधराव्या शतकाच्या मध्यास काढलेल्या जगाच्या नकाशातील इथिओपियाचा तपशील त्या देशाच्या धर्मगुरूंकडून मिळविलेला होता. रोममध्ये राहणाऱ्या तेस्फा सियोन याने १५४८-४९ मध्ये गीझ भाषेतील नव्या कराराचे मुद्रण केले. रोममध्येच १६४९ साली अब्बा गोर्गोर्योस या विद्वानाची जर्मन पंडित हिओब लूडोल्फ (१६२४–१७०४) याच्याशी भेट झाली. त्याच्या साहाय्याने लूडोल्फने लिहिलेला इथिओपियाचा लॅटिन इतिहास १६८१ मध्ये प्रसिद्ध झाला व तो यूरोपातील इथिओपियाविषयक अभ्यासाचा पाया ठरला. लूडोल्फने इथिओपियात कधी पाऊल ठेवले नव्हते. त्याने केवळ जाणकाराचे म्हणणे ऐकून घेतले.

भारताशी असलेला संबंध याच काळात दृढ होता. फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निअर याने गोंदरला जाण्याचा आपला बेत मोखा येथे सोडून दिला व तो सुरतेस आला. पुढे दिल्लीस औरंगजेबाच्या दरबारी आलेल्या इथिओपियाच्या वकिलांची त्याने गाठ घेतली व त्यांच्याकडून नाईलच्या उगमाची माहिती मिळविली. हे वकील सुरतेत असतानाच शिवाजी महाराजांची त्या शहरावरील पहिली स्वारी (जानेवारी १६६४) झाली व त्यांनी आणलेल्या नजराण्यांपैकी बराचसा भाग त्या लुटीत गेला, असे बर्निअरने नोंदविले आहे.

याहून मोठ्या संख्येने दक्षिणेत आले ते गुलाम म्हणून विकले गेलेले लोक. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता मंत्री मलिक अंबर (१५४८ ?–१६२६) हा मूळचा इथिओपियन. गुलामांच्या बाजारांतून फिरत तो दख्खनमध्ये आला. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या राज्यास तर ‘हबसाण’ असेच नाव पडले. अशा रीतीने महाराष्ट्रात हबशी हा शब्द व ते लोक चांगले परिचित झाले. परंतु ज्या देशावरून हे नाव आले, त्याची माहिती मराठीत फारशी आली नाही. या लोकांनी केलेला प्रवास कोणत्याही राजदूताच्या प्रवासाहून खडतर होता. मात्र त्याचे वृत्त लिहिण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

जेम्स ब्रूस : स्कॉटलंडचा जेम्स ब्रूस (१७३०–९४) १७६९ मध्ये मसावा येथे उतरला व १७७० मध्ये गोंदर या राजधानीस पोहोचला. वैद्यकाच्या ज्ञानामुळे त्यास दरबारात प्रवेश मिळाला. या वेळी सम्राट नामधारी बनून सरदारांची सत्ता वाढली होती व रस मिकाएल हा तिग्रेचा सरदार प्रबळ होता. नोव्हेंबर १७७० मध्ये ब्रूस गिशच्या झऱ्यांपाशी गेला. आपणच तेथे पोहोचलेले पहिले यूरोपीय आहोत, असे सांगण्यासाठी त्याने पाएझची साक्ष खोटी ठरविली. परतल्यावर नियतीने त्याच्यावर तोच प्रसंग आणला. जिवंत गाईच्या अंगाचे मांस कापून खातात हे त्याचे कथन ऐकून लंडनमधील मंडळींनी त्याची कुचेष्टा केली आणि त्याचे बहुतेक सर्वच कथन कपोलकल्पित ठरविले. १७९० मध्ये त्याचे पंचखंडात्मक प्रवासवृत्त प्रसिद्ध झाले, तरी हा संशय मिटला नाही. पुढे हेन्री सॉल्टने केलेल्या प्रवासात (१८०५ व १८०९-१०) या प्रथेस पुष्टी मिळाली. ब्रूसच्या खऱ्या कामगिरीकडे मात्र दुर्लक्ष झाले. यूरोपात लुप्त झालेला व गीझ भाषेत संपूर्ण टिकलेला बुक ऑफ ईनॉक हा ग्रंथ त्याने सोबत आणला होता. मांसाच्या प्रथेचीच चर्चा होत राहिली आणि हजार वर्षांहून जुन्या ग्रंथपरंपरेची वार्ता मागे पडली.

मॅग्दलाची मोहीम : दुसरा थिओडोर (तेवोद्रोस, कार. १८५५–६८) याने देश एकत्र करण्याचा प्रयत्न केला. त्याने १८६२ मध्ये व्हिक्टोरिया राणीस लिहिलेल्या पत्राचे उत्तर आले नाही, तेव्हा त्याने ब्रिटिश वकील व इतर यूरोपीय यांना अटकेत ठेवले. त्यांच्या सुटकेसाठी मुंबई लष्कराचा सेनापती रॉबर्ट नेपिअर याच्या नेतृत्वाखाली सु. १३,००० सैनिक पाठविण्यात आले. त्यांतील बहुसंख्य भारतीय होते. मुंबईहून गेलेल्या या सैन्याबरोबर तोफा वाहण्यासाठी ४४ हत्ती होते. प्राचीन अदुलिसच्या जवळच झूला येथे उतरून, पठारावरून सु. ६५० किमी. ची वाट चालून हे सैन्य मॅग्दलाच्या किल्ल्यापाशी पोहोचले. १३ एप्रिल १८६८ रोजी किल्ला पडला व थिओडोरने आत्महत्या केली. मोहिमेबरोबर भूगोलवेत्ते, वार्ताहर व ब्रिटिश म्यूझियमचा प्रतिनिधीही होता. मॅग्दलाच्या चर्चमधील ग्रंथसंग्रह लुटला गेला व त्यांतील सु. ३५० हस्तलिखिते ब्रिटिश म्यूझियममध्ये जमा झाली. १८७२ मध्ये सम्राट चौथा योहान्निस याच्या मागणीवरून केब्रा नगस्तची एक प्रत परत करण्यात आली. थिओडोरचा अल्पवयीन पुत्र अलेमायेहू यास इंग्लंडला नेण्यात आले. १८७९ मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला व विंझर येथे त्याचे दफन झाले. त्याचे अवशेष परत करण्याची विनंती २०२३ मध्येही मान्य झाली नाही.

विसावे शतक : १ मार्च १८९६ रोजी दुसऱ्या मेनेलिकच्या सैन्याने आदुआ येथे इटलीचा पराभव केल्यावर यूरोपीय राष्ट्रांनी आदिस अबाबा येथे वकिलाती स्थापन केल्या. जिबूतीपासून निघालेला लोहमार्ग १९१७ मध्ये राजधानीपर्यंत पूर्ण झाला व आठवड्यांचा प्रवास काही दिवसांवर आला. हाइले सेलासी याच्या राज्यारोहणास (२ नोव्हेंबर १९३०) आलेल्या वार्ताहरांपैकी एव्हलिन वॉ याने या समारंभाचे उपहासात्मक चित्र रंगविले. त्याच समारंभास उपस्थित असलेला विल्फ्रिड थेसिजर हा आदिस अबाबातच जन्मलेला होता. त्याने १९३३-३४ मध्ये अवाश नदी जेथे वाळवंटात लुप्त होते, तेथपर्यंत प्रवास करून तिचा मार्ग निश्चित केला. १९३५ मध्ये इटलीने आक्रमण केले, तेव्हा मागास देश सुधारण्याचा दावा पुढे करण्यात आला आणि प्रत्यक्षात विषारी वायूचा वापर झाला. १९४१ मध्ये केरेन (एरिट्रिया) येथील निर्णायक लढाईत भारतीय पलटणी लढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचाही समावेश होता.

१९६३ मध्ये आदिस अबाबा येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेची स्थापना झाली. त्याच वर्षी तेथील विद्यापीठात इथिओपियाविषयक अध्ययनाची संस्था सुरू होऊन रिचर्ड पँकहर्स्ट (१९२७–२०१७) हा तिचा पहिला संचालक झाला. प्रवाशांची वृत्ते देशी बखरी व दानपत्रे यांच्याशी ताडून वाचण्यास यामुळे चालना मिळाली. तथापि सामान्य जगाच्या मनात या देशाची जी प्रतिमा ठसली, ती १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये कोरेम येथून ब्रिटिश दूरचित्रवाणीने दाखविलेल्या दुष्काळाच्या दृश्यांची. त्यातून १९८५ मध्ये मोठी मदत उभी राहिली. परंतु दुष्काळामागील यादवी युद्ध व शासनाची धोरणे यांकडे प्रेक्षकांचे लक्ष फारसे गेले नाही. पूर्वी सुखी दरीने जसा खरा देश झाकला गेला, तसा तो आता भुकेल्या छावणीच्या चित्राने झाकला गेला.

मूल्यमापन : या वृत्तांतांतील पूर्वग्रह स्पष्ट असले, तरी त्यांचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. मेकाने सेलासी हे चर्च १५३१ मध्ये जाळले गेले. त्याच्या मूळ वैभवाची कल्पना आल्व्हारीशच्या वर्णनावरूनच करावी लागते. ज्या प्रवाशांनी स्थानिक भाषा शिकून घेतली व तेथील माणसांस केवळ वर्ण्यविषय न मानता जाणकार मानले, त्यांचे लेखन काळाच्या कसोटीस उतरले. पाएझ व लूडोल्फ ही त्याची उदाहरणे होत. १९३७ मध्ये इटलीने रोमला नेलेला ॲक्सूमचा स्तंभ २००५ मध्ये परत आला व २००८ मध्ये मूळ जागी उभारला गेला. लालिबेलाच्या चर्चचा समावेश १९७८ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या पहिल्याच यादीत झाला होता. ती स्थळे आजही चालती तीर्थक्षेत्रे आहेत. २०२०–२२ या काळात तिग्रे व लगतच्या प्रदेशांत झालेल्या युद्धाची झळ मठांना व हस्तलिखितांना लागली. वार्ताहर व अभ्यासक यांना त्या भागात जाणे बहुतांशी अशक्य झाले आणि बाहेरच्या जगास मिळणारी माहिती पुन्हा तुटपुंजी व परस्परविरोधी ठरली. अशा वेळी तेथील धर्मपीठे, लिपिक व यात्रेकरू यांनी स्वतः जतन केलेल्या नोंदी, हेच या देशाला जाणून घेण्याचे सर्वांत जुने व आजही उपलब्ध असलेले साधन होय.